मुहूर्ताचा फोटो एकदाच मिळतो! कॅमेऱ्यापासून दूर ठेवलेला वायरलेस फ्लॅश कसा काम करतो?

लग्नाचा अल्बम उघडा. निम्म्या फोटोंत एकच दृश्य दिसते. मंडपाची सजावट अंधारात बुडालेली, नवरा-नवरीचे चेहरे पांढरेफटक, कपाळावर तेलकट चमक आणि मागच्या पडद्यावर दोघांची काळीकुट्ट सावली. कॅमेरा लाखभर रुपयांचा असला तरी असे फोटो येतात. याचे कारण बहुतेक वेळा प्रकाशाच्या दिशेत असते. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावरून उतरवून बाजूला ठेवला, की तोच हॉल आणि तेच चेहरे वेगळे दिसू लागतात.

हल्ली तालुक्याच्या गावातले फोटोग्राफरही वायरलेस फ्लॅश वापरतात. पण ऐन मुहूर्तावर तो पेटला नाही, तर अंतरपाट पुन्हा धरता येत नाही. म्हणूनच हे तंत्र नेमके कसे चालते, कुठे दगा देते आणि फोटोग्राफर ठरवताना आपण काय विचारावे, हे समजून घेऊ.

फ्लॅश कॅमेऱ्यावर असला की बिघडते काय?

चेहऱ्याचा आकार आपल्याला सावल्यांमुळे कळतो. नाकाची धार, गालाचा उंचवटा, नथीचा मोती, शालूचे काठ या सगळ्यांना बाजूने प्रकाश मिळाला की खोली येते. फ्लॅश लेन्सच्या अगदी जवळ असेल, तर प्रकाश समोरून सरळ जातो. सावली वस्तूच्या मागे लपते आणि चेहरा सपाट दिसतो.

दुसरी अडचण अंतराची. शाळेत शिकलेला व्यस्त वर्गाचा नियम इथे लागू होतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौपट कमी होतो, तिप्पट झाले की नऊपट. कॅमेऱ्यापासून २ मीटरवर उभ्या असलेल्या नवरीला जितका प्रकाश मिळतो, त्याच्या नवव्या हिश्शाइतकाच ६ मीटरवरच्या सजावटीला मिळतो. त्यामुळे मागचा भाग काळा पडतो.

‘वायरलेस’ म्हणजे नेमके काय?

यात दोन भाग असतात. कॅमेऱ्यावरच्या खाचेत, म्हणजे ‘हॉट शू’वर, ट्रिगर बसतो. फ्लॅश वेगळ्या स्टँडवर असतो. शटर दाबले की ट्रिगर संदेश पाठवतो आणि फ्लॅश पेटतो.

संदेश पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली प्रकाशाची. एक फ्लॅश चमकला की दुसऱ्या फ्लॅशमधला सेन्सर ते ओळखतो आणि तोही चमकतो. यात दोघांमध्ये आडोसा चालत नाही, शिवाय भर उन्हात सेन्सर गोंधळतो. लग्नाच्या हॉलमध्ये आणखी एक त्रास होतो. पाहुण्यांपैकी कोणी आपल्या कॅमेऱ्याचा फ्लॅश मारला तरी तुमचा फ्लॅश पेटतो.

दुसरी पद्धत रेडिओ लहरींची. आजचे बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वाय-फाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात असतात आणि भारतात या पट्ट्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. रेडिओ लहरींना समोरासमोर नजर लागत नाही. फ्लॅश खांबाआड किंवा पडद्यामागे असला तरी चालतो. कॅननने २०१२ मध्ये ६००ईएक्स-आरटी या फ्लॅशमध्येच रेडिओ बसवला. पुढे गोडॉक्ससारख्या चिनी कंपन्यांनी हीच सोय बऱ्याच कमी किमतीत आणली आणि छोट्या स्टुडिओंनाही ती परवडू लागली.

खरेदीपूर्वी हॉट शू का तपासायचा?

हॉट शूच्या मधोमध एक मोठी धातूची टिकली असते. फ्लॅश पेटवण्याचा साधा संदेश तिथून जातो. बाकीच्या छोट्या पिना प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. म्हणून कॅननचा, निकॉनचा आणि सोनीचा ट्रिगर वेगवेगळा घ्यावा लागतो.

कॅननने काही स्वस्त कॅमेऱ्यांतून मधली टिकलीच काढून टाकली. २०१९ मध्ये आलेला ईओएस २००डी मार्क २ हे त्याचे उदाहरण. अशा कॅमेऱ्यावर फक्त मधल्या टिकलीवर चालणारा साधा ट्रिगर बसतो, पण फ्लॅश पेटत नाही. ट्रिगर घेण्याआधी आपले मॉडेल कंपनीच्या यादीत आहे का, ते पाहावे. शक्य असेल तर कॅमेरा दुकानात नेऊन चालवून बघावा.

घरात फिल्मच्या काळातला जुना फ्लॅश असेल, तर तो डिजिटल कॅमेऱ्यावर थेट चढवू नका. अशा काही जुन्या फ्लॅशच्या पिनेवर २०० व्होल्टहून जास्त दाब असतो. आजच्या कॅमेऱ्याचे सर्किट त्याने जळू शकते. बिघडलेला फ्लॅश घरी उघडण्याचा उद्योगही नको. सेल काढल्यावरही आतला कपॅसिटर काही काळ धोकादायक दाब धरून ठेवतो.

एका फोटोत दोन एक्स्पोजर कसे?

हा मुद्दा समजला की निम्मे काम झाले. फ्लॅश लावून काढलेल्या फोटोत दोन प्रकाश एकत्र येतात. एक हॉलमधल्या दिव्यांचा, दुसरा फ्लॅशचा.

हॉलचा उजेड शटर उघडे असेपर्यंत सतत येत राहतो. फ्लॅश मात्र सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेळात चमकून विझतो. म्हणजे शटर १/५० सेकंद उघडे असो वा १/२००, फ्लॅशचा वाटा जवळपास तेवढाच राहतो. हॉलचा उजेड मात्र १/५० ला चौपट येतो.

यावरून सोपा नियम निघतो.

- मागची सजावट उजळ हवी असेल तर शटर हळू करा, गडद हवी असेल तर वेगवान करा.
- चेहऱ्यावरचा फ्लॅश कमी-जास्त करायचा असेल तर फ्लॅशची पॉवर किंवा अंतर बदला.
- ॲपर्चर आणि आयएसओ बदलले की दोन्ही प्रकाश एकदम बदलतात.

फ्लॅशची पॉवर १/१, १/२, १/४ अशी अर्ध्या-अर्ध्याने उतरते. अनेक मॉडेलमध्ये ती १/१२८ पर्यंत खाली जाते. साधारण उजेडाच्या मंगल कार्यालयात आयएसओ ८००, ॲपर्चर एफ/४, शटर १/१०० आणि २ मीटरवर छत्रीतून १/३२ पॉवरचा फ्लॅश, अशी सुरुवात करून पाहता येते. आधी फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. सजावट थोडी गडद पण स्पष्ट दिसली पाहिजे. मग फ्लॅश सुरू करून चेहरा जुळवा. हा क्रम पाळला तर सेटिंग दोन-तीन मिनिटांत बसते.

१/२०० सेकंदाची मर्यादा कशामुळे?

बहुतेक कॅमेऱ्यांच्या शटरला दोन पडदे असतात. पहिला उघडतो, मग दुसरा बंद होतो. १/२०० किंवा १/२५० सेकंदापर्यंत एक क्षण असा येतो, की पूर्ण सेन्सर उघडा असतो. फ्लॅश त्या क्षणी चमकतो. त्याहून वेगवान शटरला दुसरा पडदा लवकर निघतो आणि सेन्सरवरून फक्त एक फट सरकत जाते. फ्लॅश त्या फटीपुरताच पोहोचतो आणि फोटोत काळा पट्टा येतो. काही स्वस्त ट्रिगरच्या संदेशाला किंचित उशीर होतो. तिथे १/१६० वर थांबलेले बरे.

‘हाय स्पीड सिंक’मध्ये फ्लॅश एकदा चमकण्याऐवजी वेगाने अनेकदा लुकलुकतो, त्यामुळे फट सरकत असताना प्रत्येक भागाला प्रकाश मिळतो. भर दुपारच्या प्री-वेडिंग शूटला हे उपयोगी पडते. पण त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते आणि तो लवकर तापतो. सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ए९ मार्क ३ मध्ये ‘ग्लोबल शटर’ आहे. त्यात संपूर्ण सेन्सर एकाच वेळी वाचला जातो, म्हणून ही मर्यादा उरत नाही. पण तो कॅमेरा बहुतेकांच्या बजेटबाहेरचा आहे.

मिररलेस कॅमेरा असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. सायलेंट शटर सुरू असताना बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅश पेटतच नाही.

हवेतल्या अक्षता स्थिर कशा होतात?

अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक हॅरॉल्ड एजर्टन यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशने डोळ्यांना न दिसणारे क्षण टिपले. दुधाचा थेंब पडल्यावर उडणारा मुकुट त्यांनी १९५७ मध्ये, तर सफरचंदातून आरपार जाणारी बंदुकीची गोळी १९६४ मध्ये पकडली. अंधाऱ्या खोलीत क्षणभरच चमकणारा प्रकाश, हे त्यामागचे तत्त्व.

तेच तत्त्व अक्षतांना लागू होते. अक्षता सेकंदाला ३ मीटर वेगाने उडत आहेत असे धरू. १/१०० सेकंदात तांदळाचा दाणा ३ सेंटिमीटर सरकतो, म्हणजे फोटोत पुसट रेघ येते. फ्लॅश १/५००० सेकंद चमकला तर दाणा अवघा ०.६ मिलिमीटर सरकतो आणि दाण्यासारखा दिसतो. छोट्या फ्लॅशची पॉवर जितकी कमी, तितका त्याचा चमकण्याचा वेळही कमी. म्हणून पूर्ण पॉवरपेक्षा १/१६ किंवा १/३२ इथे जास्त कामाची. हॉलचा उजेड मात्र एक-दोन स्टॉप खाली ठेवावा लागतो, नाहीतर दाण्यामागे शेपूट उमटते.

मंगलाष्टकांचा इथे मोठा आधार आहे. प्रत्येक कडव्याच्या शेवटी ‘सावधान’ होते आणि अक्षता पडतात. पहिल्या दोन कडव्यांत चाचणीचे फोटो काढून सेटिंग पक्के करता येते. अंतरपाट दूर होतो तो क्षण मात्र एकच असतो.

फ्लॅश ठेवायचा कुठे?

एका व्यक्तीच्या फोटोसाठी फ्लॅश कॅमेऱ्याच्या बाजूला साधारण ४५ अंशांवर आणि डोळ्यांच्या पातळीपेक्षा वर ठेवतात. त्यावर पांढरी छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावतात. प्रकाशाचा स्रोत चेहऱ्याच्या तुलनेत जितका मोठा आणि जवळ, तितकी सावली मऊ. तीच छत्री ४ मीटर लांब नेली, तर सावली पुन्हा कडक होते.

मुहूर्ताच्या वेळी हा ४५ अंशांचा नियम अडचणीत आणतो. नवरा-नवरी समोरासमोर उभे असतात. एका बाजूने प्रकाश टाकला तर एकाचा चेहरा उजळतो आणि दुसऱ्याचा अंधारात जातो. अशा वेळी छत्री फोटोग्राफरच्या बाजूला, अंतरपाटाच्या सरळ रेषेत आणि उंचावर ठेवली की दोघांना सारखा प्रकाश मिळतो. दुसरा फ्लॅश असेल तर तो मागच्या कोपऱ्यात कमी पॉवरवर ठेवतात. त्याने केस आणि मुंडावळ्यांना कड मिळते.

ग्रुप फोटोत उलटे करायचे, फ्लॅश लांब न्यायचा. पुढची रांग २ मीटरवर आणि मागची ३ मीटरवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या ४४ टक्केच प्रकाश मिळतो. फ्लॅश आणखी २ मीटर मागे नेला, तर हे प्रमाण ६४ टक्के होते. पुढच्या रांगेतले आजी-आजोबा पांढरे आणि मागचे भाऊबंद काळे, हा प्रकार त्याने टळतो. पॉवर मात्र चौपट करावी लागते.

टीटीएल की मॅन्युअल?

टीटीएल पद्धतीत फोटोच्या आधी फ्लॅश एकदा हलका चमकतो. परतलेला प्रकाश कॅमेरा मोजतो आणि पॉवर ठरवतो. वरातीसारख्या ठिकाणी, जिथे अंतर सतत बदलते, तिथे टीटीएल सोयीचे.

मुहूर्ताला ते फसू शकते. समोर पांढराशुभ्र अंतरपाट आला की कॅमेऱ्याला वाटते प्रकाश जास्त झाला. तो पॉवर कमी करतो आणि चेहरे काळवंडतात. अंतरपाट हटल्यावर पुन्हा वेगळा आकडा. रिसेप्शनच्या मंचावर काळा सूट आणि चकाकता शालू शेजारी आला तरी असाच घोळ होतो. जिथे फ्लॅश आणि माणसे यांच्यातले अंतर ठरलेले आहे, तिथे मॅन्युअल बरे. एकदा जुळवले की दोनशे फोटो सारखे येतात.

पिवळ्या उजेडाचे काय?

फ्लॅशचा प्रकाश दुपारच्या उन्हासारखा, साधारण ५५०० केल्व्हिनचा असतो. पिवळे दिवे ३००० केल्व्हिनच्या आसपास. दोन्ही एकत्र आले की चेहरा नैसर्गिक आणि मागचा हॉल केशरी, किंवा हॉल बरोबर आणि चेहरा निळसर, असे होते. नाटक-सिनेमावाले वापरतात तो केशरी जिलेटिन पेपर फ्लॅशवर लावला की दोन्ही रंग जवळ येतात. थोडा प्रकाश कमी होतो, तो पॉवर वाढवून भरून काढायचा.

जांभळ्या-गुलाबी एलईडीवर मात्र जिलेटिनचा उपाय चालत नाही. मुहूर्ताच्या दहा मिनिटांपुरते तेवढे दिवे बंद ठेवायला डेकोरेटरला आधीच सांगावे.

ऐन वेळी फ्लॅश का दगा देतो?

कारणे बहुतेक साधी असतात.

- चॅनेल एकच असणे. वधूपक्षाचा आणि वरपक्षाचा फोटोग्राफर वेगळा असेल आणि दोघांचे ट्रिगर एकाच कंपनीचे असतील, तर एकाच्या शटरवर दुसऱ्याचा फ्लॅश पेटू शकतो. सकाळीच एकमेकांशी बोलून चॅनेल आणि आयडी वेगळे ठेवावेत.
- चुकीचे सेल. साध्या अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोध जास्त असतो, त्यामुळे फ्लॅश पुन्हा भरायला वेळ लागतो. चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल किंवा लिथियम पॅक बरे. ट्रिगरचे सेल बदलायला अनेकजण विसरतात.
- सतत पूर्ण पॉवर. फ्लॅश तापून स्वतःच थांबतो. १/४ किंवा त्याखाली ठेवला तर तो लवकर भरतो आणि जास्त टिकतो.
- पडणारा स्टँड. छत्री पंख्याच्या वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि हॉलभर मुले धावत असतात. स्टँडला पाण्याचा ५ लिटरचा भरलेला कॅन टांगला की ५ किलो वजन मिळते. मुहूर्ताच्या गर्दीत मात्र काठीवर फ्लॅश धरणारा सहायक सगळ्यात सुरक्षित.

विमानाने जाऊन शूट करायचे असेल, तर सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकता येत नाहीत. त्या केबिन बॅगेतच न्याव्या लागतात आणि १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटऱ्यांना सहसा अडचण येत नाही. ७.२ व्होल्ट, २६०० मिलीअँपिअर-अवरचा फ्लॅश पॅक १९ वॉट-अवरच्या आत बसतो. टोकांना टेप लावून ठेवावी.

काही ठिकाणी फ्लॅश खिशातच ठेवावा. अजिंठ्याच्या चित्रांसमोर फ्लॅशला मनाई आहे. इतर लेणी, संग्रहालये आणि मंदिरांतही आधी विचारावे.

मोबाइलवर हे जमेल का?

मोबाइलचा ‘फ्लॅश’ म्हणजे लेन्सला चिकटलेला एलईडी दिवा. त्यात कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशचेच दोष आहेत आणि ताकद त्याहून कमी. बाहेरचा फ्लॅश जोडायला मोबाइलला हॉट शू नसतो. सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, म्हणून फार कमी वेळ चमकणारा फ्लॅश काही ओळींपुरताच दिसतो. प्रोफोटोने २०१९ मध्ये ॲपवर चालणारा सी१ हा छोटा लाइट खास मोबाइलसाठी आणला होता, पण असे पर्याय मोजकेच आहेत.

तत्त्व मात्र मोबाइललाही लागू आहे. घरच्या केळवणाला किंवा बारशाला आपल्या मोबाइलचा फ्लॅश बंद करा. दुसऱ्या कोणाला तरी त्याच्या मोबाइलची टॉर्च बाजूने, थोडी वरून धरायला सांगा आणि टॉर्चपुढे पांढरा कागद धरा. चेहऱ्याला लगेच आकार येतो. हा प्रकाश सतत असतो, त्यामुळे हालचाल गोठत नाही. माणसांना क्षणभर स्थिर राहायला सांगावे लागेल.

फोटोग्राफर ठरवताना काय विचाराल?

पॅकेजमध्ये किती फोटो आणि किती पानांचा अल्बम, हे सगळेच विचारतात. त्यासोबत एवढे विचारा. फ्लॅश कॅमेऱ्यावरच असतो की वेगळ्या स्टँडवर? दुसरा फ्लॅश आणि जादा ट्रिगर सोबत असतो का? प्रकाश धरायला सहायक येतो का? आणि संध्याकाळच्या लग्नाचा संपूर्ण अल्बम दाखवाल का, फक्त निवडक दहा फोटो नकोत?

तुमच्याकडून त्याला दोन गोष्टी हव्या असतात. मुहूर्ताच्या अर्धा तास आधी चाचणीसाठी मोकळा मंडप आणि अंतरपाटाच्या एका बाजूला उभे राहायला जागा. करवल्या आणि मामा मंडळींना हे आधीच सांगून ठेवले, तर ऐन वेळी ‘जरा सरका हो’ म्हणण्याची पाळी येत नाही.